छोटा प्लॉट कायद्याने मिळाला पाहिजे

छत्रपती संभाजीनगरात घर घेणे अवघड का, असे विचारले की बोलणे भावावर येऊन थांबते. भाव वाढलेत, हे खरेच. पण वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या कामगाराला कागदही तितकाच आडवा येतो. त्याच्या ऐपतीत बसतो वीस बाय तीसचा, म्हणजे सहाशे चौरस फुटांचा प्लॉट. मंजूर ले-आऊटमध्ये एवढा लहान प्लॉट सहसा हाती लागत नाही. लागतो तो सातारा-देवळाई, पडेगाव, हर्सूलच्या कडेला शेतात गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या विनापरवाना प्लॉटिंगमध्ये, म्हणजे गुंठेवारीत. व्यवहार बाँडपेपरवर होतो, सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचेच राहते. नोंदणीकृत खरेदीखत नाही म्हणून बँकेचे गृहकर्ज नाही आणि बांधकाम परवाना नाही. पंतप्रधान आवास योजनेतून स्वतःच्या जागेवर घर बांधायचे, तर तिथेही मालकीचा पुरावा लागतो. मग दागिने मोडायचे, भिशी उचलायची, नाहीतर सावकार गाठायचा. ज्याची मिळकत सर्वांत कमी, त्यालाच सर्वांत महाग पैसा घ्यावा लागतो.

‘बेकायदा आहे हे ठाऊक असून घेतले, मग तक्रार कसली?’ असे म्हणणारे बरेच आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. २००१च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१पर्यंतची बांधकामे नियमित करायची ठरवली. २०२१च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२०वर नेली. मुदत अशी सरकत राहिली, की प्लॉटिंग करणाऱ्याला धीर येतो. पण तो पैसे घेऊन केव्हाच मोकळा झालेला असतो. नियमितीकरणाचे शुल्क राहणारा भरतो, आणि २०२५च्या उन्हाळ्यानंतर मुकुंदवाडीपासून पडेगावपर्यंत रस्ता रुंदीकरणात विनापरवाना बांधकामे पडली, तेव्हा बुलडोझर प्लॉट विकणाऱ्याच्या नव्हे, राहणाऱ्याच्या दारात आला. शिक्षाच द्यायची तर ती विकणाऱ्याला द्यायला हवी.

छोटे घर कायदेशीर असू शकते, हे याच शहराने पाहिले आहे. सत्तरच्या दशकापासून सिडको या राज्य सरकारच्या महामंडळाने इथे आखीव वसाहती उभ्या केल्या आणि कामगार, कारकुनांना आवाक्यातली घरे दिली. २००६मध्ये सिडकोची वसाहत महापालिकेकडे गेली. तेवढ्या प्रमाणावर ते काम पुढे कुणी केले नाही. नियम मात्र आजही आहे. २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत ४००० चौरस मीटर किंवा मोठ्या ले-आऊटमध्ये २० टक्के जागा अल्प उत्पन्न गटासाठी ३० ते ५० चौरस मीटरच्या प्लॉटच्या रूपात सोडावी लागते. २०११च्या जनगणनेतच आपल्या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती, म्हणजे हा नियम इथे लागू आहे. या अटीने इतर ग्राहकांचे प्लॉट महागतात, अशी विकासकांची तक्रार असते. थोडे महागतीलही. पण गुंठेवारीत घरे आधी आणि जलवाहिनी, ड्रेनेज नंतर येते. तो खर्च सगळ्या शहराच्याच करातून जातो. म्हणून महापालिकेने २०२०नंतर मंजूर केलेल्या प्रत्येक मोठ्या ले-आऊटमधले हे प्लॉट कुठे आहेत, कुणाला मिळाले, याची यादी जाहीर करावी. ४००० चौरस मीटरच्या आत राहण्यासाठी जमिनीचे तुकडे करून आणलेले प्रस्तावही त्यात असावेत. नाशिकमध्ये २०२२ साली अशाच पळवाटांचे आरोप गाजले होते.