संकोचाचे बिल

हॉटेलात जेवून पैसे कसे वाचवावेत, असे घरी विचारले तर वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते : ‘हॉटेलात जाऊच नये!’ ज्यांचे घर गावातच आहे आणि वेळेवर ताट वाढणारी आई घरात आहे, त्यांना हा उपदेश शोभतो. पण मुखेड, किनवट, देगलूरहून नांदेडला आणि औसा, निलंगा, अहमदपूरहून लातूरला शिकायला आलेल्यांनी काय करावे? ‘लातूर पॅटर्न’च्या नावाने तर दूरदूरची मुले लातुरात खोली करून राहतात. त्यांच्या लेखी बाहेरचे जेवण ही चैन नव्हे, रोजचा व्यवहार आहे. आणि त्यासाठीचे पैसे पुष्कळदा सोयाबीनच्या पट्टीतून आलेले असतात.

माझे म्हणणे असे, की या व्यवहारात आपले पैसे भुकेपायी फारसे जात नाहीत, संकोचापायी जातात. सकाळची भूक सुशीलाच्या एका प्लेटवर भागते. भिजवलेले मुरमुरे, फोडणी, वर डाळ्याचे कूट. स्वस्त आणि पोटभरीचे. लातूरकडे निलंगा राईसची गाडीही आपल्याला लुबाडत नाही. खरा प्रश्न उभा राहतो तो चौघे-पाचजण मिळून ‘फॅमिली रेस्टॉरंट’मध्ये शिरतात तेव्हा.

बसल्या बसल्या वेटर विचारतो, ‘पाणी साधं, की बाटली?’ इथे ‘साधं’ म्हणायला भल्याभल्यांची जीभ रेटत नाही. बाटलीवर किंमत छापलेली असली तरी हॉटेलवाला तेवढीच घेईल असे समजू नये. टेबलावर दिलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा अधिक दर लावता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिलेला आहे. ज्या लातूरने २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले, त्या लातूरकराला तरी साधे पाणी मागताना कमीपणा वाटू नये!

मग मेनूकार्ड येते. आपण डाव्या बाजूचे पदार्थ मोठ्याने वाचतो आणि उजव्या बाजूचे आकडे चोरून पाहतो. हेच उलटे करावे. आधी आकडे पाहावेत, आणि मोठ्याने पाहावेत. ‘हाफ मिळेल का?’, ‘एका प्लेटीत किती जणांचे होते?’ हे विचारण्यात कोणता अपमान आहे? भाजीच्या दरात रोटी धरलेली नसते. रोट्या नगावर मोजल्या जातात आणि पाच भुकेले जीव जमले की बिल फुगते ते तिथेच. म्हणून पोटभर जेवायचे असेल तर बहुधा थाळी परवडते. चव बदलायची असेल तर दोन भाज्या पाचजणांत घ्याव्यात आणि कमी पडल्यास पुन्हा मागवाव्यात. एकदम सगळे मागवून जीरा राईस अर्धा टाकून उठणारे वीर आपल्यात कमी नाहीत. ‘खाऊन माजावे, टाकून माजू नये’ असे आपल्याकडे म्हणतात. उरलेच, तर बांधून मागावे.

बिल आले की ते वाचावे. ते न वाचता पैसे टाकणे म्हणजे दिलदारपणा, अशी एक विलक्षण समजूत आहे. साध्या उपाहारगृहात नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र ज्या लहान हॉटेलांनी ‘कंपोझिशन’ योजना घेतलेली असते, त्यांना हा कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, आणि तसे बिलावर लिहावे लागते. ‘सर्व्हिस चार्ज’ची गोष्ट निराळी. तो कर नव्हेच. बिलात तो आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. तो काढायला सांगावा, आणि वाढणाऱ्या पोराच्या हातावर आपल्या खुशीने काही ठेवावे. काटकसर त्याच्या जिवावर करू नये.

खानावळीतही संकोच आडवा येतोच. येळवशीला सारे लातूर शेतात जाते. आपणही चार दिवस गावी भज्जी-आंबील खाऊन येतो, पण खाडा आधी सांगायचे धाडस होत नाही. मावशी रागावतील! त्या रागावत नाहीत. आदल्या दिवशी सांगितले तर त्यांचेही पीठ वाचते.

आणि महिनाअखेर? राज्यात २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली, तेव्हा दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात मिळत असे. वर्गातले कोणी पाहील म्हणून त्या रांगेत उभे न राहता उपाशी झोपणे ही काटकसर नव्हे. नांदेडकरांना तर लंगर आहे. पंगतीत डावीउजवीकडे कोण बसले आहे, हे तिथे कोणी विचारत नाही. जरूर जावे, मात्र जेवण झाल्यावर थोडा वेळ भांडी घासायला थांबावे.

आता ‘पार्टी दे’ या रोगाविषयी. वाढदिवस, निकाल, नवा मोबाईल, कशालाही पार्टी. ज्याला पार्टी द्यायची त्याचा आठवड्याचा खर्च एका संध्याकाळी उडतो. ‘तुझे तू, माझे मी’ या पद्धतीला काही प्राध्यापक आपमतलबीपणा म्हणतात. मला ती सभ्य वाटते. चहा पाळीपाळीने पाजावा. जेवणाचे ज्याचे त्याने द्यावे, म्हणजे ज्याच्या खिशात कमी आहे त्यालाही नुसती डाळ-रोटी मागवून सर्वांबरोबर बसता येते.

निरोप समारंभाचे उदाहरण घ्या. हॉटेलचा हॉल ठरतो, डोईवर वर्गणी बसते, आणि दरवर्षी काही जणांना नेमके त्याच दिवशी गावी काम निघते. समूहछायाचित्रात ते नसतात. कारण सर्वांना ठाऊक असते, पण बोलत कोणी नाही. यंदा हा समारंभ महाविद्यालयाच्या पटांगणात, येळवशीसारखा झाडाखाली करावा, अशी माझी सूचना आहे. ज्वारीच्या भाकरी करून देणारे बचत गट शहरात आहेत, पातेली वसतिगृहातून मागता येतील, आणि वर्गणीचा डबा ठेवायचाच असेल तर तो झाकणाचा असावा. कोणी किती टाकले याची यादी करू नये.