वाढवण : समुद्राला सातबारा नाही, म्हणून हक्कही नाही?

पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. सुमारे ७६ हजार कोटींच्या या प्रकल्पासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव होणार आहे. मच्छीमारांचा विरोध कायम आहे.

तेथील कोळी, मांगेला, वैती समाजाचे वर्ष होडीभोवतीच फिरते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या शाकारलेल्या असतात, पण जाळी विणणे आणि डागडुजी चालूच राहते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होतो. पुढे हंगामभर पुरुष समुद्रात, तर स्त्रिया मासळी विकण्यात आणि बोंबील सुकवण्यात गुंतलेल्या असतात. भरपाई देताना होडीमालक सहज सापडेल. रोजंदारीचा खलाशी आणि पाटीवाली बाई कोणत्या कागदावर सापडणार?

आपल्यातील काही बांधव म्हणतात, मासेमारी पहिल्या शीलात बसत नाही, मग आपण का बोलावे? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांत फरक केला आहे. पोटासाठी जाळे टाकणाऱ्याला तराजूत तोलण्याआधी तो फरक आपण लक्षात घ्यावा.

१९२७ साली महाडला आपण सार्वजनिक पाण्यावरील माणसाचा हक्क मागितला. तोच न्याय दर्यालाही लागू आहे. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : भराव टाकण्याआधी खलाशी आणि मासळी विक्रेत्या स्त्रियांची स्वतंत्र नोंद करा आणि ती यादी गावात जाहीर वाचा.

जय भीम!