गप्पांचा कट्टा : शत्रू यायलाय!

काय दोस्तांनो, झाला का गृहपाठ? नसेल झाला तर आधी तो उरका आणि मग या कट्ट्यावर. (आई-बाबा, हे वाक्य खास तुमच्यासाठी टाकलंय बरं का! आता मुलांना निवांत वाचू द्या.)

आज गप्पा टीव्हीच्या आणि हसण्याच्या. माझं लहानपण गेलं बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या एका खेड्यात. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीत एकच टीव्ही होता, तोही ब्लॅक अँड व्हाइट. रविवारी सकाळी अंगणात चपलांचा ढीग पडायचा. एक जण माळवदावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून आम्ही ओरडायचो, "आलं, आलं! गेलं! मुंग्या आल्या!" वरच्या गड्याला शेवटपर्यंत काही दिसायचं नाही. पण चित्र स्थिर झालं की मान त्याचाच! पुढची जागा त्याच्यासाठी राखून ठेवलेली असायची.

पुढे १९९५ मध्ये भारतात कार्टून नेटवर्क आलं आणि केबलच्या वायरीवरून टॉम आणि जेरी घराघरांत शिरले. ही जोडगोळी किती जुनी आहे, ठाऊक आहे? विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी ती १९४० साली पडद्यावर आणली. म्हणजे तुमच्या आजी-आजोबांपेक्षाही बहुधा मोठीच! पण गंमत पाहा. बोका म्हातारा झाला नाही आणि उंदीर अजून सापडला नाही.

आता एक प्रयोग करा. टॉम-जेरीचा एखादा भाग आवाज बंद करून पाहा. मजा निम्मी होते की नाही? कारण ती दोघं फारसं बोलतच नाहीत. त्यांच्या वतीनं बोलतं ते संगीत. स्कॉट ब्रॅडली नावाच्या संगीतकारानं टॉमच्या पावलापावलाला सूर लावले होते. एका भागात टॉम ऐटीत पियानो वाजवायला बसतो आणि जेरी त्याच पियानोच्या पोटात झोपलेला असतो. त्या भागाला १९४७ साली ऑस्कर मिळालं. आमच्या जत्रेतल्या तमाशात हेच तर चालायचं! सोंगाड्या घसरला रे घसरला की ढोलकीवाला नेमकी त्याच क्षणाला थाप द्यायचा. स्कॉट ब्रॅडलीनं आपला तमाशा पाहिला असता तर ढोलकीवाल्याला कडकडून मिठी मारली असती, असं मला आपलं वाटतं.

तशीच दुसरी जोडी म्हणजे लॉरेल आणि हार्डी. आपल्याकडं त्यांचं नाव जाड्या-रड्या. पियानोची भली मोठी पेटी ते लांबलचक पायऱ्यांवरून वर चढवतात आणि ती पुनःपुन्हा घरंगळत खाली येते, तो सिनेमा १९३२ चा. बारकं माणूस लॉरेल हा मूळचा इंग्लंडचा, तर जाडजूड हार्डी अमेरिकेच्या दक्षिण भागातला. मुके सिनेमे संपून बोलपट आले तेव्हा भल्याभल्या नटांची पंचाईत झाली. हे दोघे मात्र आपापल्या बोलण्याच्या ढंगासकट लोकांना आवडले.

हे 'बोलण्याच्या ढंगासकट' वाचलंत ना? आता त्याचीच गोष्ट सांगतो.

मी सातवीत होतो. तालुक्याच्या गावी नाटिकांची स्पर्धा होती. मला काम मिळालं दूताचं. वाक्य एकच : "महाराज, शत्रू येत आहे!" आठ दिवस घोकलं. स्टेजवर गेलो. समोर माणसंच माणसं आणि डोळ्यांवर दिवे. घाबरून तोंडातून निघालं, "महाराज, शत्रू यायलाय!"

अहाहा! मंडप नुसता कोसळला. महाराजही हसले, प्रधानही हसला. नंतर एका परीक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आधी शुद्ध बोलायला शिक, मग नाटकात ये." आमच्या घरी सगळेच 'यायलाय', 'जायलोय', 'कामून' असं बोलायचे. म्हणजे आमची आजी अशुद्ध? आमचे वडील अशुद्ध? त्या दिवसापासून दोन वर्षं मी स्टेजकडं फिरकलो नाही.

मग एका लग्नात टेपवर एक कॅसेट वाजली. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'! प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचं हे नाटक १९७९ सालचं. मराठवाड्यातलं एक वऱ्हाड लग्नासाठी थेट लंडनला निघतं, एवढीच गोष्ट. पण त्यातल्या बावन्न व्यक्ती ते एकटेच उभ्या करायचे! म्हातारी तेच, पोरगा तेच, भांडणारेही तेच. नाटकाची नोंद गिनीज बुकात झाली. २००९ मध्ये देशपांडे सर गेले. पुढे आमच्या माजलगावचेच अभिनेते संदीप पाठक यांनी हे नाटक पुन्हा रंगमंचावर आणलं.

त्या मांडवात मी कान टवकारून ऐकत होतो. कॅसेटमधला माणूस आमच्यासारखं बोलत होता आणि लोक पोट धरून हसत होते. आजी म्हणाली, "ह्यो आपल्याकडचाच हाय की रं!" तिच्या डोळ्यांत हसून हसून पाणी. मी विचारात पडलो. बोली तीच आणि हसणंही तसंच. मग माझ्या वेळी टोचलं का आणि इथं गुदगुल्या का झाल्या?

उत्तर कळायला वेळ लागला. मंडपातली माणसं मला हसली होती. कॅसेटमधल्या माणसाबरोबर मात्र सगळे मिळून हसत होते. ज्यांच्यावर विनोद होता, तीच माणसं सगळ्यांत जास्त हसत होती.

आणि ही रीत आपल्याकडं फार जुनी आहे. बीड जिल्ह्याच्या उत्तर शिवेवरून गोदावरी वाहते. तिच्या काठावरच्या पैठणला सोळाव्या शतकात संत एकनाथ राहायचे. त्यांनी भारुडं रचली ती वासुदेव, जोशी, गोंधळी यांच्या तोंडी घालून, लोकांच्या बोलीत. संगीत नाटकांचंही तेच! ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं. मूळ नाटक कालिदासाचं, संस्कृतातलं. पण अण्णासाहेबांनी पदांना चाली दिल्या त्यांत साकी, दिंडी, ओवी या घरोघरी आणि कीर्तनात गायल्या जाणाऱ्या चाली होत्या. राजा दुष्यंताला आपल्या घरातले सूर चालले, तर त्याच्या दूताला आपल्या घरातला शब्द का चालू नये, सांगा!

गोष्ट इथं संपली असती तर मला आवडलं असतं. पण तुमच्यापासून काय लपवायचं?

पुढच्याच वर्षी आमच्या वर्गात एक मुलगा परत आला. आमच्याकडं दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. पोरंही बरोबर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. हा कर्नाटकातून आला होता. त्याच्या बोलण्यात कानडी शब्द मिसळले होते आणि हेलही बदलला होता. तो वाचायला उभा राहिला आणि वर्ग खदखदला. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं असेल? मीच! 'शत्रू यायलाय' म्हणणारा मीच. मधल्या सुट्टीत मी त्याची नक्कलही करून दाखवली. तो काही बोलला नाही. पुन्हा कधी मोठ्यानं वाचलंही नाही. त्या दिवाळीनंतर तो गेला तो शाळेत परत आलाच नाही. माझं 'चुकलं रे' माझ्याकडंच राहिलं.

टॉमवर इस्त्री पडते, तो पापडासारखा चपटा होतो आणि पुढच्या क्षणी टुणकन उठतो. कारण तो चित्रातला आहे. खरा मुलगा ते हसणं दप्तरात घालून घरी नेतो.

म्हणून मी एक चाचणी ठरवली आहे, तुम्हीही वापरून पाहा. ज्याच्यावर विनोद केला, तो स्वतः हसला का? हसला तर विनोद पास. नाहीतर नापास, मग बाकीचा वर्ग कितीही हसो.

आणि हो, पेपरात 'शत्रू येत आहे' असंच लिहायचं, मार्क त्यालाच! प्रमाणभाषा यायलाच हवी. पण तिच्यासाठी घरची भाषा टाकून द्यायचं कारण नाही. सदऱ्याला दोन खिसे असले म्हणून काय बिघडतं?

या आठवड्याचं काम : घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाकडून त्यांच्या बोलीतले दहा शब्द वहीत उतरवून घ्या. मग त्यांतले चार शब्द घालून पाच मिनिटांचा प्रवेश लिहा आणि घरच्यांसमोर करा. ताल धरायला डबा चालेल, फक्त आतले लाडू आधी संपवा!

आणि वर्गात कुणी नवं, वेगळ्या हेलाचं पोर आलं असेल, तर प्रवेशातलं पहिलं काम त्यालाच द्या. माझं एक देणं राहून गेलंय, तेवढं तुम्ही फेडा.

भेटू पुढच्या आठवड्यात, याच कट्ट्यावर. यायलाव ना?