सात सेकंदांचा धनी कोण?

नव्या कलेविषयीं वाद निघाला म्हणजे त्यांत दोन पक्ष ठरलेलेच असतात. एक म्हणतो, ही कलाच नव्हे. दुसरा म्हणतो, ही कला आहे, सबब तिला सात खून माफ आहेत. संगणकावर ड्रमचे ठेके कापून ते निराळ्या क्रमानें पुन्हां जुळविण्याचा जो उद्योग आज सर्वत्र चालला आहे, त्यासंबंधानेंहि हेच दोन पक्ष पडले आहेत. आणि आमच्या मतें दोन्ही पक्ष भलत्याच जागीं भांडत आहेत. कापणारा कलावंत आहे कीं नाहीं, हा प्रश्न सोपा आहे. 'आहे' असें उत्तर आम्ही प्रारंभींच देऊन टाकतों. खरा प्रश्न त्याच्या पलीकडे आहे, आणि त्याविषयीं दोघांनींहि सोईस्कर मौन धरलें आहे. ज्याचा ठेका कापला गेला, त्या वादकाचें काय?

प्रथम हा उद्योग म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. कारण पुष्कळ सुशिक्षित घरांतून मुलें हें काम तासन् तास करीत असतात आणि वडील मंडळी त्याला गोंगाट यापलीकडे नांव देत नाहींत. अमेरिकेंतील कित्येक जुन्या तबकड्यांवर गाणें मध्येंच थांबतें, इतर वाद्यें गप्प बसतात, आणि एकटा ड्रम कांहीं क्षण वाजत राहतो. या जागेला तिकडे 'ब्रेक' म्हणतात. १९७३ सालीं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत कूल हर्क नांवाच्या तबकडीवाल्यानें एकाच तबकडीच्या दोन प्रती शेजारीं शेजारीं ठेवून ही जागा पुन्हां पुन्हां वाजविली, आणि नाचणाऱ्यांना ती सोडवेना. आज तेंच काम संगणकांतील 'प्लगिन' नांवाचें एक लहानसें साधन करतें. प्रत्येक आघात कोठें सुरू होतो हें तें शोधून काढतें आणि त्या त्या ठिकाणीं ठेक्याचे तुकडे पाडतें. मोठ्या ड्रमचा आघात एका पट्टीवर, स्नेअरचा दुसरीवर, झांजेचा तिसरीवर, अशी त्यांची वांटणी होते. मग पहिला तुकडा शेवटीं न्यावा, तिसरा चारदां वाजवावा, पांचवा उलटा फिरवावा, अशी मोकळीक मिळते. पूर्वीं तबकडी जोरानें फिरविली कीं स्वरहि वर चढत असे. आतां तुकडे सुटे असल्यामुळें ते नुसते जवळ आणले कीं लय वाढते आणि स्वर जागच्या जागीं राहतो. स्वीडनमधील प्रॉपेलरहेड कंपनीनें १९९४ सालीं 'रीसायकल' नांवाचा कार्यक्रम काढला, तेव्हांपासून ही युक्ति सामान्य कारागिराच्या आवाक्यांत आली. आज ती कोणाहि विद्यार्थ्याच्या टेबलावर आहे.

हें ऐकून आमचे कांहीं संगीतप्रेमी स्नेही नाक मुरडतील. दुसऱ्यानें वाजविलेलें कापावयाचें आणि पुन्हां चिकटवावयाचें, यांत विद्या ती कोणती, असें ते विचारतील. त्यांना आमचा उलट प्रश्न असा कीं, तबलजी कायदा मांडून त्याचे पलटे वाजवितो तेव्हां तो काय करतो? कायद्यांत जे बोल असतील तेवढेच घ्यावयाचे, बाहेरचा बोल आंत येऊं द्यावयाचा नाहीं, आणि त्याच बोलांची उलटापालट करून ऐकणाराला नवें कांहीं दाखवावयाचें, हीच ना त्याची प्रतिज्ञा? इंग्लंडांत १९९० नंतरच्या दशकांत 'जंगल' व 'ड्रम अँड बेस' या नांवांनीं जें संगीत निघालें, त्याच्या कर्त्यांनीं चार आवर्तनांच्या एका ठेक्याचे इतके पलटे केले आहेत कीं, मूळ ठेका एवढा मोठा होता काय, असा ऐकणाराला भ्रम व्हावा. थोडक्या सामग्रींत राहून पुष्कळ वाटा शोधणें ही बुद्धीची कसोटी आहे. जो ती उतरला त्याला कलावंत न म्हणणें हा हट्ट झाला, रसिकता नव्हे.

परंतु या उपमेंतच आमच्या तक्रारीचें बीज आहे. आपल्या मैफलींत तबलजी एखाद्या बुजुर्गाची रचना वाजवूं लागला म्हणजे कानाची पाळी धरून त्या उस्तादाचें नांव घेतो. थिरकवा खांसाहेबांची चीज वाजविणारा ती स्वतःच्या नांवावर खपवील, तर जाणते श्रोते त्याला हंसतील. तुकडे जुळविण्याच्या या नव्या कलेंत मात्र नांव न घेणें हाच रिवाज झाला आहे. आणि येथें तर केवळ रचना उसनी नाहीं. प्रत्यक्ष हातच उसना आहे.

हा हात कोणाचा, तें पाहूं. १९६९ सालीं वॉशिंग्टनच्या 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदानें 'कलर हिम फादर' या गाण्याची तबकडी काढली. गाणें गाजलें, त्याच्या कर्त्याला, रिचर्ड स्पेन्सर याला, १९७० सालीं ग्रॅमी पारितोषिकहि मिळालें. त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूस 'आमेन, ब्रदर' नांवाची एक वाद्यांची गत होती. तिच्या मध्यावर ग्रेगरी कोलमन हा ड्रमवादक एकटा चार आवर्तनें वाजवितो. सुमारें सात सेकंदांचा हा खेळ. पहिल्या दोन आवर्तनांत ठेका सरळ चालतो. तिसऱ्यांत स्नेअरचा एक आघात मुद्दाम मागें राहतो. चौथ्याची पहिली मात्रा रिकामी जाते, आणि ऐकणारा सांवरतो न सांवरतो तोंच झांज अपेक्षेपूर्वीं कोसळते. १९८६ सालीं 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' या संग्रहांत ही गत आली, आणि तेथून हीं सात सेकंदें जगभर पसरलीं. आज हजारों गाण्यांत, जाहिरातींत, मुलांच्या चित्रमालिकांच्या सुरुवातीच्या संगीतांत तीं वाजतात. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं तीं नकळत ऐकलेलीं असतील. कोलमन २००६ सालीं अटलांटा येथें वारला. त्या वेळीं तो बेघर आणि निष्कांचन होता.

२०१५ सालीं इंग्लंडांतील कांहीं कृतज्ञ मंडळींनीं वर्गणी जमवून सुमारें २४,००० पौंड स्पेन्सरला दिले. त्यांच्या सद्भावनेविषयीं आम्हांला आदरच आहे. पण वर्गणी म्हणजे दया. वांटा म्हणजे हक्क. शिवाय ती वर्गणी निघाली तेव्हां कोलमनला जाऊन नऊ वर्षें झालीं होतीं. आणि समजा, स्पेन्सरला त्याचे रीतसर पैसे प्रथमपासून मिळाले असते, तरी त्यांतील कवडी कोलमनकडे गेलीच असती असें नाहीं. कारण रचनाकार म्हणून त्याची नोंद कोठेंच नव्हती. पाश्चात्य प्रकाशकांच्या वहींत रचना म्हणजे शब्द आणि चाल. ठेका म्हणजे मजुरी.

ही वही किती आंधळी आहे, याचें दुसरें उदाहरण त्याच १९६९ सालचें आहे. नोव्हेंबर महिन्यांत सिनसिनाटी येथें जेम्स ब्राउन यानें एक गाणें मुद्रित केलें. त्यांत तो आपल्या ड्रमवादकाला बजावतो कीं, एकल वादनाचा डौल नको, चाललें आहे तेंच चालूं दे; आणि क्लाइड स्टबलफील्ड तो ठेका तसाच चालूं ठेवतो. त्याच्या मोठ्या आघातांच्या मधून स्नेअरवर इतके हलके आघात पेरलेले आहेत कीं ते कानाला ऐकूं येण्यापेक्षां अंगाला जाणवतात. ब्राउन इतका खूष झाला कीं त्यानें गाण्याचें नांवच 'फंकी ड्रमर' असें जाहीर केलें. नांव ड्रमवादकावरून, आणि रचनाकार म्हणून नोंद एकट्या ब्राउनची! पब्लिक एनिमी या मंडळींच्या १९८९ च्या 'फाइट द पॉवर'पासून कितीतरी गाण्यांनीं हा ठेका उचलला. आपल्याला पैशापेक्षां नांव हवें, असें स्टबलफील्ड मुलाखतींतून सांगत असे. तो फेब्रुवारी २०१७ मध्यें मॅडिसन येथें वारला, आणि तेथील विद्यापीठानें त्याच्या मृत्यूनंतर त्याला सन्माननीय डॉक्टरची पदवी दिली. विद्यापीठाला जें कळलें तें हिशेबवहीला अजून कळलेलें नाहीं.

यावर प्रतिपक्षाचे आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा कीं, वादकाला त्या दिवशींची मजुरी मिळाली, व्यवहार संपला. ठीक आहे, पण व्यवहार कशाचा झाला होता? तबकडी विकण्याचा. ठेक्याचे तुकडे पाडून ते जन्मभर विकण्याचा व्यवहार १९६९ सालीं कोणी केला नव्हता, कारण तें यंत्रच जन्मलेलें नव्हतें. जी वस्तु दोघांपैकीं एकाच्याहि डोळ्यांपुढें नव्हती ती विकली गेली, असें म्हणणें हा न्याय नव्हे, कावा आहे.

दुसरा आक्षेप, ठेका सर्वांचा असतो. खरें आहे; तीनतालावर कोणाची मालकी नाहीं. पण अमुक वादकानें अमुक दिवशीं वाजविलेला तीनताल त्याचा आहे. ठेका जर खरोखरच सर्वांचा आणि सर्वत्र सारखा, तर हे कारागीर एखाद्या होतकरू ड्रमवादकाला बोलावून तोच ठेका नव्यानें कां वाजवून घेत नाहींत? त्यांना कोलमनचाच मागें राहिलेला आघात हवा असतो, स्टबलफील्डचाच हलका हात हवा असतो. जी वस्तु दुसरीकडे मिळत नाहीं म्हणून तुम्ही घेतां, तिला कोणी धनी नाहीं असें त्याच तोंडानें म्हणतां येत नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत चतुर आहे: तुकडे झाल्यावर मूळ राहिलें कोठें? पण ज्यानें हे तुकडे कान देऊन ऐकले आहेत त्याला ठाऊक आहे कीं, ते छापखान्यांतल्या खिळ्यांसारखे कोरडे नसतात. स्नेअरच्या तुकड्यांत आधींच्या झांजेचा विरता नाद असतो, त्या खोलीचा घुमारा असतो. तुकड्यांचा क्रम बदलला कीं हे नादहि भलत्या जागीं जाऊन बसतात, आणि तीच त्या संगीताची खुमारी होय. मूळ पुसलें गेलें असतें तर ही खुमारी आली असती कोठून?

चौथा आक्षेप, एवढ्याशा तुकड्यांचा हिशेब कोण ठेवणार? हिशेब ठेवतां येतो, हें मालकांनींच सिद्ध केलें आहे. १९९१ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायाधीशानें अशाच एका उचलेगिरीच्या निकालाची सुरुवात बायबलांतील चोरीविरुद्धच्या आज्ञेनें केली, आणि तेव्हांपासून परवाना काढण्याचा रिवाज पक्का झाला. २००५ सालीं अमेरिकेंतील दुसऱ्या एका वरिष्ठ न्यायालयानें गिटारच्या अवघ्या दोन सेकंदांच्या तुकड्यासाठींहि परवाना हवा, असा निकाल दिला. फिर्यादी गिटारवादक नव्हता. हक्क विकत घेऊन बसलेल्या कंपन्या होत्या. यूट्यूबचें यंत्र २००७ पासून लक्षावधि चित्रफितींतून मालकाचें संगीत हुडकून काढीत आहे. म्हणजे कंपनीचे दोन सेकंद मोजतां येतात, वादकाचे सात मोजतां येत नाहींत! आयत्या बिळावर नागोबा बसतो तो असा. आणि बीळ खणणारा बाहेर उघड्यावर.

आपल्याकडे या बाबतींत पाऊल पुढें पडलें आहे, हें सांगितलें पाहिजे. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ च्या दुरुस्तीनें वादन-गायन करणाराचे हक्क मान्य झाले, आणि २०१२ च्या दुरुस्तीनें व्यापारी उपयोगाच्या मोबदल्यांत त्याचा वांटा व वादक म्हणून त्याचें नांव लागण्याचा हक्क हे दोन्ही कलमांत आले. परंतु नांवाच्या त्या कलमाला एक शेपूट आहे: उपयोगाच्या प्रकारामुळेंच नांव गाळणें भाग असेल तेथें तें गाळावें. चार आघातांचा तुकडा वापरणारा उद्यां याच शेपटाला धरून पळेल. तेव्हां तबल्याच्या कायद्यांत जें शील आहे तें वकिलांच्या कायद्यांतहि यावें, एवढीच आमची मागणी. तुकडा कितीहि लहान असो, तो ज्या वादनांतून घेतला त्या वादकाचें नांव गाण्याबरोबर लागलें पाहिजे. ठेक्यांचे संग्रह विकणारांनीं प्रत्येक ठेक्यावर वादकाचें नांव छापलें पाहिजे. आणि परवान्याच्या रकमेंत वादकाचा किंवा त्याच्या वारसांचा ठराविक भाग असला पाहिजे, मग जुन्या करारांत कांहींहि लिहिलेलें असो.

कायदे बदलण्यास वेळ लागतो. संस्कारास लागत नाहीं. आमच्या वाचकांच्या घरांत जी मुलें आज हा उद्योग करीत आहेत, त्यांना तो सोडून द्या असें सांगूं नये. तो सुटावा असें त्यांत कांहीं नाहीं. एवढेंच विचारावें कीं, बाळा, हा हात कोणाचा? त्याला उत्तर ठाऊक नसेल तर तें शोधून काढण्यास सांगावें, आणि गाणें लोकांपुढें ठेवतांना आपल्या नांवाखालीं तें नांव लिहावयास लावावें. एवढ्यानें कोलमनचें पोट भरणार नाहीं, तें आतां कशानेंच भरणार नाहीं. पण ज्या पिढीला दुसऱ्याच्या हाताचें नांव लिहिण्याची संवय लागेल, ती पिढी उद्यां त्या हाताचा वांटा नाकारणारी वही मुकाट्यानें सहन करणार नाहीं.