कनवटीचा पैसा

वाचकहो, अमेरिकेने आपला एक सेंट बंद केला. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचे शेवटचे सेंट पाडले गेले. १७९३ सालापासून चालत आलेले नाणे! जुनी नाणी चालतील, पण नवी निघणार नाहीत. कारण काय, तर एका सेंटाचे नाणे पाडायला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च येऊ लागला होता. चाराण्याची कोंबडी आणि बाराण्याचा मसाला, ही म्हण आपली. तिचा अर्थ अमेरिकेला आता कळला.

या बाबतीत आपण अमेरिकेच्या पुढे आहोत, हे आम्ही अभिमानाने नमूद करतो. आपली पावली, म्हणजे पंचवीस पैसे, आणि तिच्या खालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून कायद्याने बाद झाली. अधेली मात्र, म्हणजे पन्नास पैसे, आजही कायदेशीर आहे. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे दहा रुपयांपर्यंतचे देणे तुम्ही अधेल्यांत फेडू शकता. म्हणजे एका वेळी वीस अधेल्या. एखाद्या दुकानात हा प्रयोग करून पाहा. कायदा तुमच्या बाजूने असेल, दुकानदार नसेल.

१ एप्रिल १९५७ रोजी आपण आणे-पै सोडून दशमान पद्धत घेतली. तोवर रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार आणि आण्याच्या पया बारा. सगळे गेले, भाषेत मात्र राहिले. अजूनही आपण 'सोळा आणे खरे' म्हणतो; 'शंभर पैसे खरे' असे म्हणताना आम्ही कोणाला ऐकलेले नाही. पै-पैचा हिशोब मागणारे घरोघरी आहेत, आमच्या घरच्या गृहमंत्र्यांपासून सुरुवात करावी. पण पै कशी दिसायची, हे सांगू शकेल असे माणूस आता गल्लीत एखादेच.

नाणे मेले की त्याच्या जागी दुसरे काहीतरी येते. आपल्याकडे गोळी आली. दुकानदार गल्ल्यात हात घालायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "सुट्टे नाहीत, गोळी देऊ का?" अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या चलनाचा उल्लेख आम्हाला सापडलेला नाही, पण काही वर्षे ते देशभर बिनबोभाट चालले. त्याचा एकच दोष. ते गल्ल्याकडून गिऱ्हाइकाकडे जायचे, उलटे कधी यायचे नाही. चार गोळ्या जमवून काडेपेटी मागणाऱ्याला दुकानदार वेड्यात काढायचा. रुपया-दोन रुपयांची गोष्ट, म्हणून कोणी भांडत नसे. आणि 'म्हणून कोणी भांडत नसे' याच तत्त्वावर लहान माणसाचे पैसे सुटत जातात.

दहाच्या नाण्याची कथा तर त्याहून मासलेवाईक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीवर्षानिमित्त ६ डिसेंबर २०१५ रोजी दिल्लीत दोन नाणी निघाली, एक १२५ रुपयांचे आणि एक दहाचे. त्याआधी १९९० मध्ये जन्मशताब्दीचे एक रुपयाचे नाणे निघाले होते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ते फोटोमागे किंवा कपाटातल्या डबीत जपून ठेवलेले आहे. दहाचे नाणेही सुरेख. दोन धातूंचे, आत पांढरे, बाहेर पिवळे. परंतु पुढे बाजारात आवई उठली की दहाची नाणी खोटी आहेत. रिक्षावाला घेईना, किराणावाला घेईना. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढावे लागले की दहाच्या नाण्याचे १४ नमुने आहेत आणि सगळे खरे आहेत. तरीही ठिकठिकाणी 'नाही चालत' हे चालूच राहिले. सरकारने पाडलेले, बँकेने खरे म्हटलेले नाणे एका अफवेपुढे हरते, हे पाहून आम्ही एवढेच शिकलो की पैसा धातूचा नसतो, विश्वासाचा असतो. आणि अविश्वासाचा पहिला फटका ज्याच्या खिशात फक्त नाणीच असतात त्याला बसतो.

आता हिशोबाची एक गंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ऐकून बरे वाटले. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन पाच रुपयांच्या पुड्याचा हिशोब मांडला. कर कमी झाला तर किंमत येते ४ रुपये ४५ पैसे. आता हे ४५ पैसे द्यायचे कसे? पावली बाद, दहा पैसे बाद, पाच पैसे बाद. म्हणजे सरकारने करात सूट दिली, पण ती हातात ठेवायला नाणेच नाही. गरिबाच्या पोराला मिळालेले पंचावन्न पैसे हवेत लोंबकळत राहिले. अशा विचित्र किमतींची त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. पुड्यात एखादे बिस्कीट वाढवा, असाही मार्ग निघाला. पुडा लहान होत जाताना मात्र अशी चर्चा झाल्याचे आम्हाला आठवत नाही.

"आजोबा, मोबाइलवरून द्या की चार रुपये पंचेचाळीस पैसे!" आमच्या नातीने हा प्रश्न एका वाक्यात सोडवला. आणि तिचे खरे आहे. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातल्या नोटाबंदीने त्याला जोराने ढकलले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातले व्यवहार २००० कोटींच्या पुढे गेले. टांकसाळीने मारलेला पैसा मोबाइलने जिवंत केला. गोळीचे चलन बुडाले. कोथिंबिरीच्या गाडीवर, चहाच्या टपरीवर, विहारातल्या दानपेटीवरसुद्धा तो काळा-पांढरा चौकोन चिकटलेला दिसतो. आम्ही तंत्रज्ञानाचे विरोधक नाही. बँकेच्या रांगेत ज्यांचे गुडघे गेले, ते विरोधक होऊच शकत नाहीत.

पण आमच्या वस्तीच्या नाक्यावर आक्का बसतात. कोथिंबीर, मिरची, लिंबू, आले. वय सत्तरीच्या घरात. पहाटे बाजारातून माल आणायचा, पाणी मारून जुड्या बांधायच्या, दुपारपर्यंत विकायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. पूर्वी त्यांची पिशवी कनवटीला असायची. दिवसभर तिच्यात नाणी पडत. संध्याकाळी त्या पिशवी पदरात उलटी करून ढीग लावायच्या: हा उद्याच्या मालाचा, हा घरचा, हा भिशीचा, आणि एक लहानसा ढीग कोणाला न सांगता बाजूला. त्या लहानशा ढिगावर त्यांच्या दोन नातवंडांच्या वह्या-पुस्तकांचे भागले आहे.

आता आक्कांच्या टोपलीशेजारी बोलका डबा आहे. गिऱ्हाईक मोबाइल दाखवते आणि डबा ओरडतो, "दहा रुपये प्राप्त झाले." परवा आम्ही विचारले, "आक्का, आज धंदा किती झाला?"

"मला काय ठावं, बाबा? डबा वरडतो आन् पैसं पोराच्या मोबाइलात जात्यात."

चौकोन मुलाच्या खात्याचा आहे. मुलगा वाईट नाही, हे आधी सांगतो. आईचे खाते काढायला बँकेत दोन दिवस मोडायला नकोत, म्हणून त्याने आपलेच जोडले. पण त्याच खात्यातून त्याच्या मोटारसायकलचा हप्ता जातो. महिन्याच्या पाच तारखेला हप्ता कापला की सहा तारखेच्या पहाटे आक्कांकडे माल भरायला पैसे नसतात. मग आदल्या रात्री मुलाकडे मागायचे. तो देतो, पण "कशाला हवेत?" असे विचारून. तीस वर्षे ज्या बाईला हा प्रश्न कोणी विचारला नाही, तिला तो आता स्वतःच्याच कमाईवर ऐकावा लागतो. आणि तो चौथा, लहानसा ढीग? तो आता लागतच नाही. मोबाइलमध्ये सगळे एका ढिगात असते.

आक्का एकट्या नाहीत, हे तुम्हीही जाणता. आपापल्या नाक्यावर जाऊन पाहा. भाजीवाली, मासेवाली, इस्त्रीवाली, डबे करून देणारी. टोपली बाईची, घाम बाईचा आणि चौकोन नवऱ्याचा किंवा मुलाचा. पैसा बोलतो म्हणतात. आता तो खरोखरच बोलायला लागला, तर बोलतो एकीजवळ आणि जातो दुसऱ्याकडे!

पैशाच्या बातम्यांत अशा आक्का कधी येत नाहीत. बातमी येते डॉलरची. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर नव्वद रुपयांच्या वर गेला आणि दूरचित्रवाणीवर जणू आभाळ कोसळले. कोणी म्हणाले नुकसान, कोणी म्हणाले निर्यातदारांचा फायदा. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात या वादाचे मूळ खोदून ठेवले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, रुपया घसरल्याने होणारा फायदा हा देशाचा फायदा नसतो. तो एका वर्गाचा असतो आणि दुसऱ्या वर्गाच्या खिशातून येतो. भाव आधी वाढतात, मजुरी मागून रखडत येते. म्हणून रुपया बाहेर किती डॉलरला जातो, यापेक्षा तो घरात किती वस्तू आणतो, याला स्थैर्य हवे. शंभर वर्षे झाली, आम्हाला तरी प्रश्न तोच दिसतो: पैसा कोणाच्या हातातून निघाला आणि कोणाच्या हातात पडला?

हाच प्रश्न आम्ही एका केळ्याला लावून पाहिला. मॉरिझिओ कॅटेलान या इटालियन कलावंताने २०१९ साली मायामीत एक केळे भिंतीला चिकटपट्टीने चिकटवले आणि त्याला 'कॉमेडियन', म्हणजे विनोदवीर, असे नाव दिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात ही कलाकृती ६२ लाख डॉलरला गेली. तेव्हाच्या भावाने सुमारे ५२ कोटी रुपये. घेणाऱ्याला मिळाले प्रमाणपत्र, आणि केळे कसे चिकटवायचे व नासल्यावर कसे बदलायचे याच्या सूचना. घेणारा आभासी चलनाचा व्यापारी. त्याने थोड्याच दिवसांत हाँगकाँगमध्ये पत्रकारांसमोर ते केळे सोलून खाल्ले. चवीबद्दल आम्ही बोलत नाही. एवढ्या महाग केळ्याला वाईट कोण म्हणेल?

कलेची थट्टा करण्याचा आमचा अधिकार नाही. कलावंताने ठेवलेले नावच सांगते की, तो स्वतः थट्टा करत होता, आणि थट्टा चांगली आहे. आमचे लक्ष गेले ते दुसरीकडे. ते केळे लिलावगृहाजवळच्या फळगाडीवरून ३५ सेंटांना आणले होते. गाडीवरचा वयस्क विक्रेता तासाच्या मजुरीवर काम करणारा. गाडीही त्याची नव्हती. म्हणजे ३५ सेंटांचे ६२ लाख डॉलर झाले, पण ज्याच्या हातून केळे गेले त्याच्या हातात ते ३५ सेंटही राहिले नाहीत. वाचकहो, न्यूयॉर्कचा तो फळवाला आणि आमच्या नाक्यावरच्या आक्का यांची ओळख नाही, पण दोघांना एकमेकांचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

फळवाल्यासाठी आपण इथून काही करू शकत नाही. आक्कांसाठी करू शकतो, आणि त्याला ५२ कोटी लागत नाहीत. शून्य शिल्लक चालणारे जनधन खाते ऑगस्ट २०१४ पासून निघते. ते बाईच्या स्वतःच्या नावाने काढावे. त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक तिचा स्वतःचा असावा, मुलाचा नको. चौकोन त्या खात्याचा लावावा. मग बोलका डबा ज्याचे पैसे मोजतो त्याच्याजवळच बसलेला असेल. भारी मोबाइल नाही, ही सबब चालणार नाही. साध्या बटणांच्या फोनवरून यूपीआय वापरण्याची सोय रिझर्व्ह बँकेने ८ मार्च २०२२ रोजी सुरू केली. त्या दिवशी महिला दिन होता, योगायोग असेल. दोन गोष्टी मात्र पाठ करून घ्याव्यात. पिन कोणाला सांगायचा नाही, पोटच्या पोरालाही नाही. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. जो मागतो तो चोर.

महिला मंडळाच्या ताईंना आमची विनंती आहे की, भिशीच्या पुढच्या बैठकीत पहिला अर्धा तास यासाठी ठेवा. कॉलेजात जाणारी एखादी मुलगी बोलवा. ती दहा जणींचे काम एका दुपारी करील. आक्कांना आम्ही हे सांगितले, तेव्हा त्यांनी लिंबे नीट रचत विचारले, "खातं माझं झालं, तर त्यातलं बाजूला काढलेलं कुणाला दिसंल का?"

"नाही दिसणार, आक्का."

"मग सोमवारी चला बँकंत."

सोमवारी आम्ही जाणार आहोत. तुमच्या नाक्यावरच्या आक्कांना तुम्ही कधी नेता, ते कळवा.