एसी २८ वरच अडला? आधी माणसाकडे बघा
मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे गेला की रुग्ण तक्रार करतात, "डॉक्टर, एसी १६ वर ठेवला तरी खोली २८ च्या खाली येत नाही." माझ्या मते एवढ्या उन्हात हा बिघाडच असेल असे नाही. एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो. बाहेरची हवाच तापलेली असली की ते काम अवघड होते. १६ चा आकडा लावून खोली जास्त गार होत नाही, वीजबिल मात्र वाढते. शरीरालाही एवढा गारवा लागत नाही. २६ ते २८ अंश आणि सोबत पंखा बहुतेकांना पुरतो.

मेकॅनिकला बोलावण्याआधी फिल्टर धुवा, बाहेरच्या युनिटसमोरची अडगळ काढा, दुपारी पडदे लावा. त्याच खोलीत कूलर चालवू नका. दमटपणा वाढून एसीवर भार पडतो. पाइपवर बर्फ धरला किंवा गार हवा येतच नसेल, तर मात्र मेकॅनिक हवा.

मला काळजी वाटते ती घरातल्या आजी-आजोबांची. उतारवयात तहान लवकर जाणवत नाही. आपण रिमोटशी झटत असतो आणि ते शेजारीच सुस्तावत जातात. अंग चटका बसावा इतके तापले, बोलणे असंबद्ध झाले, तर उष्माघात समजा. लगेच १०८ ला फोन करा, अंग ओले करून पंखा लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

एसी उद्याही दुरुस्त होईल.