नाव पोलिसांचे, कर्तव्य कोणाचे?

दरवर्षी सप्टेंबरच्या १७ तारखेस जालन्यात आणि साऱ्या मराठवाड्यात राष्ट्रध्वज चढतो, हुतात्म्यांच्या स्तंभास पुष्पचक्र वाहिले जाते, आणि १९४८ साली निजामाची राजवट पाच दिवसांत कशी कोसळली याचे वर्णन मुलांना ऐकविले जाते. हा दिवस आनंदाचा आहे, आणि त्या आनंदात आम्ही मनापासून सहभागी आहोत. परंतु ज्या कृत्याचा आपण उत्सव करतो, त्या कृत्याचा विचारही वर्षातून एकदा करावा, ही अपेक्षा वावगी म्हणता येणार नाही. एका सरकारने दुसऱ्या सत्तेच्या मुलखात सैन्य घालावे काय, घालावे तर कोणत्या हेतूने, आणि घातल्यावर त्याच्या शिरावर कोणती जबाबदारी येते, हे प्रश्न जालन्याच्या माणसास ग्रंथांत शोधावे लागत नाहीत. ते त्याच्या शिवारातच पुरलेले आहेत.

सांप्रतच्या जालना जिल्ह्यात, केळना व जुई या नद्यांच्या बेचक्यात, असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. त्याची स्वतःची दीड हजारांहून अधिक माणसे त्या दिवशी मेली किंवा जखमी झाली. हे युद्ध ज्या तहातून उद्भवले त्या तहाचा बाह्य हेतू ऐकावयास मोठा भला होता. होळकरांच्या भीतीने पुण्याहून पळालेल्या बाजीरावास त्याची गादी परत मिळवून द्यावयाची, एवढेच इंग्रजांचे म्हणणे होते. त्यासाठी ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस तह झाला. पेशव्यांनी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. मे १८०३ मध्ये बाजीराव गादीवर बसला खरा. पण मदतीस आलेला पाहुणा पुन्हा घराबाहेर गेला नाही, आणि १८१८ साली घरच पाहुण्याचे झाले.

या युद्धाची जालन्यापुरती फलश्रुती अशी झाली की ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगाव येथे झालेल्या तहात शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील मुलूख जालन्याच्या किल्ल्यासह सोडला, आणि तो पुढे इंग्रजांचा दोस्त जो निजाम त्याच्या पदरात पडला. जालन्याच्या रयतेस याविषयी कोणी एक शब्दही विचारला नाही. निजामाचा अंमल जालन्यावर बसला तो परक्या तोफांच्या बळावर, हे ध्यानात ठेविले म्हणजे पुढे १४५ वर्षांनी तो तोफांच्याच बळावर उठला याचे फारसे आश्चर्य वाटत नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की या दोन तोफखान्यांत नीतीचा काही भेद होता की नव्हता?

आमचे उत्तर असे की भेद होता, आणि तो मोठा होता. १९४७ साली इंग्रज गेले तेव्हा हैदराबाद संस्थानात दीड कोटींहून अधिक प्रजा होती. तिला मत नव्हते, सभा भरविण्याचे स्वातंत्र्य नव्हते. गश्ती निशाण ५३ या फर्मानाची धास्ती ज्यांनी अनुभवली त्यांच्या आठवणी मराठवाड्याने जपून ठेविल्या आहेत. लोकांनी सनदशीर मार्ग सोडला होता असेही कोणास म्हणता येणार नाही. हल्ली जालना जिल्ह्यात असलेल्या परतूर गावीच १९३७ साली गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. तेथे मागण्या झाल्या त्या विनंतीच्या भाषेत. पुढील वर्षी स्टेट काँग्रेस स्थापन होते न होते तोच तिच्यावर बंदी आली, ती १९४६ पर्यंत उठली नाही. स्वामी रामानंद तीर्थ व त्यांचे सहकारी तुरुंगांच्या वाऱ्या करीत राहिले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी हिंदुस्थान सरकारने निजामाशी एक वर्षाचा जैसे थे करार केला, त्यानंतर महिनोन्महिने वाटाघाटी केल्या, आणि लोकांचा कौल घ्यावा ही सूचनाही पुढे मांडली. तिकडे कासीम रझवीचे रझाकार गावे जाळीत होते. घरदार सोडून माणसे वऱ्हाड, खानदेश, अहमदनगरकडे निघाली होती. रझाकारांच्या विरुद्ध लिहिणाऱ्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खुद्द हैदराबाद शहरात खून झाला. जो राजा आपल्या प्रजेचे रक्षण करू शकत नाही, आणि प्रजेस स्वतःचे मतही सांगू देत नाही, त्याने सार्वभौमत्वाचा आधार घ्यावा हे न्यायास धरून नाही. सार्वभौमत्व सिंहासनात नसते, प्रजेत असते.

म्हणून १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा संस्थानात शिरल्या, यास आम्ही अन्याय म्हणत नाही. साम, दाम यांची शिकस्त झाल्यावर, प्रजेवरील जुलूम उघड्या डोळ्यांनी दिसत असता, आणि त्या प्रजेची स्वतःची चळवळ साह्याची वाट पाहत असता जो दंड उगारला जातो, तो वसईच्या तहाच्या जातीचा नव्हे. १५ सप्टेंबर रोजी गुरखा पलटणीची एक कंपनी जालन्यात ठेवून फौज लातूरच्या रोखाने निघाली. १७ तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली, आणि १८ तारखेस जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शस्त्रे खाली ठेविली. येथवरच्या इतिहासाबद्दल अभिमान बाळगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

संकोच वाटतो तो पुढील पानाचा. या मोहिमेत रणगाडे होते, विमाने होती, पायदळाच्या पलटणी होत्या, तरीही सरकारने तिला ‘पोलिस कारवाई’ असे नाव दिले. निजामाने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार नेली तेव्हा हिंदुस्थानच्या प्रतिनिधींनी सांगितले की हा आमच्या घरातला प्रश्न आहे. हे नाव व हे उत्तर मुत्सद्देगिरीच्या दृष्टीने चतुराईचे होते; आमच्या मते ते खरेही होते. परंतु नावाबरोबर कर्तव्यही चालत येते. सैन्याचे काम शत्रूस जिंकले म्हणजे संपते. पोलिसाचे काम तेथे सुरू होते. पोलिसाने गुंडास पकडावे, आणि त्या गुंडाच्या बायकामुलांस शेजाऱ्यांच्या रागापासून वाचवावे. फिर्याद कोण आणतो हे न पाहता ती नोंदवून घ्यावी. तसेच, हैदराबादची प्रजा आमचीच प्रजा असे जगापुढे सांगितल्यावर, त्या प्रजेतील प्रत्येक मनुष्य, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्या क्षणापासून सरकारच्या संरक्षणाचा हक्कदार झाला.

हे संरक्षण सर्वांस मिळाले काय? निजामाच्या शरणागतीनंतरच्या दिवसांत मराठवाड्यात व कर्नाटकाच्या भागात मुसलमान वस्त्यांवर सूड उगविण्यात आला. जवाहरलाल नेहरूंच्या सरकारनेच पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आदी मंडळींस चौकशीस पाठविले. नोव्हेंबर व डिसेंबर १९४८ मध्ये ही मंडळी गावोगाव हिंडली. मृतांचा त्यांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक होरपळले, असे त्यांनी लिहिले. तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा, ज्यात जालना मोडत असे, तो या चारांत नाही. पण शेजारच्या घरी प्रेत असता आमच्या घरी सुतक नाही असे म्हणण्यात समाधान कसले? काही ठिकाणी सैनिक व पोलिसही लुटीत सामील झाले, हे त्यांनी नोंदविले. लष्करी गव्हर्नर चौधरी यांच्या ठायी जातिद्वेषाचा लवलेश नाही, हेही त्यांनीच नोंदविले. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची नोंद ही, की कित्येक ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान सहव्यवसायी विणकरांस जिवावर उदार होऊन वाचविले. सरकार जेथे पोहोचले नाही तेथे सरकारचे कर्तव्य मागावर बसणाऱ्या गरिबांनी बजाविले.

या अहवालाचे पुढे काय झाले? तो छापला गेला नाही. सरदार पटेलांस तो एकांगी वाटला. रझाकारांच्या अत्याचारांस त्यात योग्य प्रमाण मिळाले नाही असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप घेण्याचा त्यांस पूर्ण अधिकार होता, आणि मृतांच्या आकड्याविषयी आजही मतभेद आहेत. परंतु आक्षेपार्ह कागदावर उपाय म्हणजे आक्षेपासह तो छापणे. कपाटात घातलेला कागद कोणाचेच समाधान करीत नाही. ज्यास तो खोटा वाटतो त्यास तो खोडता येत नाही, आणि ज्याचा बाप मेला त्यास तो दाखविता येत नाही. सामान्य वाचकाच्या हाती हा मजकूर येण्यास साठांहून अधिक वर्षे लागली, आणि तोवर साक्षी देणारे बहुतेक लोक मातीआड गेले.

कोणी म्हणेल, रझाकारांनी आरंभ केला, मग फळ भोगावे लागले. रझाकारांनी आरंभ केला हे खरे आहे. परंतु फळ ज्यांनी भोगले ते सगळे रझाकार होते काय? शोएबुल्ला खान यांचा धर्म कोणता होता? अपराध्यास शासन करण्यासाठी न्यायालये असतात. जमावाने गावाच्या वेशीवर धर्म पाहून शिक्षा द्यावी, हा तर रझाकारांचाच कायदा झाला. त्या कायद्याविरुद्ध ज्यांनी लढा दिला, त्या हुतात्म्यांच्या स्मृतीस आपण वर्षातून एकदा वंदन करतो, आणि त्यांनी ज्या गोष्टीस अधर्म म्हटले तिचीच वकिली करतो, ही विसंगती आमच्या वाचकांस खटकल्यावाचून राहणार नाही. दुसरे कोणी म्हणेल, जुन्या जखमा कशास उकरता? आम्ही म्हणतो, जी जखम धुतली गेली नाही ती भरली असे वैद्य मानीत नाही. निम्मा इतिहास सांगणाऱ्याचा निम्माही खरा मानला जात नाही, आणि मग मुक्तिसंग्रामाच्या शत्रूंस त्या साऱ्या संग्रामावरच चिखल उडविण्याची आयती संधी मिळते.

सैन्याच्या प्रवेशाची परीक्षा आणखी एका कसोटीवर होते, ती म्हणजे त्याच्या निघण्याची. हैदराबादेत लष्करी कारभार सप्टेंबर १९४८ पासून डिसेंबर १९४९ पर्यंत चालला. या काळात जहागिरी रद्द झाल्या, हे चांगलेच झाले. त्यानंतर वेलोडी यांच्या हाती कारभार आला, आणि लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ १९५२ च्या मार्चमध्ये अधिकारावर बसले. म्हणजे प्रजेच्या नावाने आलेल्या सत्तेस प्रजेच्या हाती जाण्यास साडेतीन वर्षे लागली. तेलंगणात त्याच फौजेस शेतकऱ्यांच्या सशस्त्र उठावाविरुद्ध १९५१ पर्यंत वापरण्यात आले. त्या उठावाची नीती-अनीती हा वेगळा विषय होय. परंतु जमिनीच्या प्रश्नास बंदूक हे पुरते उत्तर नाही, हे १९५० साली कुळकायदा करावा लागला यावरूनच सिद्ध होते. पुढे १९६१ च्या डिसेंबरात गोव्यात फौज गेली, तेथील लष्करी कारभार मात्र सुमारे सहा महिन्यांत आटोपला, आणि १९७१ च्या युद्धानंतर बांगलादेशातून आपले सैन्य मार्च १९७२ मध्ये परत आले. वसईच्या तहातील पाहुण्याहून आपले सरकार निराळे आहे, याचा उत्तम पुरावा शस्त्राने मिळविलेल्या विजयात सापडत नाही. तो अशा वेळीच परतण्यात सापडतो.

तात्पर्य, सरकारने दुसऱ्याच्या जुलमाविरुद्ध हत्यार उचलावे तेव्हा तीन गोष्टींचे वचन स्वतःस द्यावे. ज्यांच्यासाठी जावयाचे त्यांचे मत ऐकावे. गेल्यावर दुर्बळ कोण हे पाहून त्याचे रक्षण करावे, जिंकणारा कोणत्या धर्माचा हे पाहू नये. आणि जे घडले त्याचा हिशेब प्रजेपुढे उघडा ठेवावा. पहिले वचन १९४८ साली बऱ्याच अंशी पाळले गेले, दुसरे पुष्कळ ठिकाणी मोडले, आणि तिसऱ्याकडे अनेक वर्षे दुर्लक्षच झाले.

यातील पहिल्या दोन गोष्टी आता कोणाच्या हाती नाहीत. तिसरी मात्र आहे. सुंदरलाल मंडळीचा अहवाल, सरदारांच्या आक्षेपांसह आणि रझाकारांच्या अत्याचारांच्या कागदपत्रांसह, सरकारने स्वतःच्या नावाने मराठीत व उर्दूत छापावा, आणि त्याची प्रत मराठवाड्यातील प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात ठेवावी, अशी आमची मागणी आहे. जालन्याच्या नागरिकांस आमची विनंती याहून लहान आहे. १७ सप्टेंबरच्या सकाळी ध्वजवंदन झाल्यावर, मुक्तिसंग्रामात प्राण वेचणाऱ्यांची नावे घेऊन झाल्यावर, एक मिनिट त्यांच्यासाठीही उभे राहावे, ज्यांची नावे कोणत्याच स्तंभावर नाहीत. आणि त्या विणकरांसाठीही, ज्यांनी आपल्या शेजाऱ्यास दार उघडले. यासाठी कोणत्याही हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही.